अकरा मिनिटं खरी

मी एक जुना रेकॉर्डर आहे. मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, माझी गोष्ट अभिमानाने सांगण्यासारखी नाही. छत्री, फळा, एसटी अशी मंडळी आपापली कहाणी सांगतात तेव्हा आधी पराक्रम सांगतात आणि मग शेवटी डोळ्यांत पाणी आणतात. माझं तसं नाही. मला सुरुवातीपासूनच मान खाली घालून बोलायचं आहे. मधे कुठे माझी फुशारकी डोकावली, तर ती जुनी खोड आहे असं समजून सोडून द्या.

तळहातावर मावेन एवढाच मी आहे. डोक्यावर दोन छोटे माईक, छातीवर एक लाल दिवा आणि पोटात दोन पेन्सिल सेल. एक गोष्ट आधीच समजून घ्या. पोटात सेल असले की मला ऐकू येतं, बटण दाबलेलं असो वा नसो. बटण दाबलं की ऐकलेलं मी कार्डावर उतरवून ठेवतो, इतकाच फरक. सेल संपले की मात्र मी ठार बहिरा होतो. तेव्हा बाहेर काय झालं ते मला कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. शेकडो भावंडांबरोबर खोक्यात बसून, कंटेनरमधून मी न्हावा शेवा बंदरात उतरलो. पोटात सेल नव्हते, त्यामुळे एवढा समुद्र ओलांडूनही तो कसा वाजतो ते मला समजलंच नाही. पेणच्या तुळशीराम नावाच्या लग्नाचं शूटिंग करणाऱ्या माणसाने मला पहिल्यांदा विकत घेतलं. त्याच्याकडे पाच वर्षं मी फक्त हळदी ऐकल्या. बेंजोवाल्यांनी माझे कान किटवले. शेवटी तुळशीरामने नवं यंत्र आणलं आणि मला खारेपाटातल्या, म्हणजे खाडीकाठच्या पट्ट्यातल्या, एका मुलीच्या हवाली केलं. तिचं नाव अमिषा घरत.

अमिषा बंदराजवळच्या एका कंटेनर यार्डात गेटपास बनवायचं काम करायची. तिचा थोरला भाऊ धनेश ट्रेलर चालवायचा. त्यांच्या आजोबांची हयात मिठागरावर गेली होती. आता त्या मिठागराच्या जागी गोदामं उभी होती, आणि मीठ ओढणाऱ्या माणसांपैकी जी उरली होती ती ओट्यावर बसून दिवस काढत होती. त्यांचं बोलणं, त्यांची गाणी लोकांना ऐकवायची असं या दोघांनी ठरवलं. त्यासाठी त्यांनी पॉडकास्ट सुरू केला. पॉडकास्ट म्हणजे फोनवर हवा तेव्हा ऐकायचा कार्यक्रम, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असेल. त्याचं नाव त्यांनी ठेवलं ‘खारीच्या बांधावरून’. खार म्हणजे बांध घालून खाडीपासून राखलेली जमीन.

त्या दोघांचं काम बघायला हवं होतं तुम्ही. कुणाकडे बोलणं घ्यायला गेले की आधी पंखा बंद, मग फ्रिज बंद, मग कोंबड्या परसात. सगळं थंडावलं की अमिषा मला एका वाटीत कापड घालून बसवायची. घरी आल्यावर कानाला हेडफोन लावून ती ऐकत बसायची आणि दोनशे पानी वहीत लिहून काढायची, कितव्या मिनिटाला कोण काय बोललं, कुठे रिक्षा वाजली, कुठे म्हातारा रडला. मग एकेक तुकडा हाताने कापून जोडायची. वीस मिनिटांच्या भागाला तिचे दोन रविवार जायचे.

धनेशचा मित्र साहिल तिची फिरकी घ्यायचा. तो नवी मुंबईत कॉम्प्युटरचं काम करायचा. “अरे यार अमू, ए-आयला दे ना. दोन मिनिटांत साफ करून देईल. खोकला, श्वास, गॅप, सब उडवेल.”

“खोकला कसाला उडवायचा?” अमिषा म्हणायची. “तो पण त्यांचाच हाय.”

आणि प्रत्येक भागाच्या शेवटी धनेश माझ्यासमोर बसून एकच वाक्य म्हणायचा, “हा भाग आम्ही हातानं केलाय. काय चुकला असंल तर ते आमचंच.” हे म्हणताना त्याचा आवाज जरा जाड व्हायचा. मलाही बरं वाटायचं. चौलच्या एका शाळेत बाईंनी आमचा एक भाग वर्गात लावला तेव्हा मी आतल्या आत फुगलो होतो. यंत्राने टिपायचं आणि माणसाने निवडायचं, यातलं माझं काम मी चोख करतो आहे, असा माझा समज होता.

मग सगुणाकाकी आल्या. म्हणजे आम्हीच त्यांच्याकडे गेलो.

सगुणाकाकी गावच्या धवलारीण. आगरी लग्नात धवले गाणाऱ्या बाईला धवलारीण म्हणतात. भटजी असो नसो, तिच्यावाचून लग्न पुढे सरकत नाही. वयाच्या सोळाव्या वर्षापासून त्यांनी गावातली लग्नं लावली होती. अगदी अमिषाच्या आईबापाचंही. त्यांच्या धवल्यात सगळ्यांना आवतण असायचं. आधी गावच्या वेशीला, मग खारीच्या बांधाला, मग खाडीचं पाणी अडवणाऱ्या उघाडीला, विहिरीला, आंब्याला. आणि शेवटी त्या घरातल्या गेलेल्या माणसांना, एकेकाचं नाव दोनदा घेऊन. ज्याचं नाव घेतलं तो मांडवात आला, असं तिथली माणसं धरतात.

काकींच्या घशात गाठ झाली होती. पनवेलच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रियेची तारीख दिली होती आणि नंतर आवाज पूर्वीसारखा राहील याची खात्री नाही, असं स्पष्ट सांगितलं होतं. त्यांची सून ठमी हिला थोडंफार येत होतं, पण पाठ असा एकही धवला येत नव्हता. काकींनी स्वतः अमिषाला बोलावून घेतलं.

“माजा गला जायाच्या आधी भरून घे गो पोरी,” त्या म्हणाल्या. “मंग ठमी त्यावरून शिकंल.”

अमिषाने दोन दुपारी बसून आधी शब्द वहीत उतरवून घेतले. गेलेल्यांच्या जागी मात्र तिने नुसतं लिहिलं, ‘इथे घरातली नावं’. कारण ती प्रत्येक घरी वेगळी असतात. गाणं मात्र काकींनी शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी दुपारी गायलं.

आता माझ्या लाजेची गोष्ट सुरू होते, मित्रांनो.

तेव्हा माझे सेल जुने झाले होते. खाऱ्या हवेने त्यांच्या टोकांना पांढरी बुरशी धरली होती. म्हणून धनेशने मला भिंतीवरच्या प्लगाला जोडलं. काकींनी गायला तोंड उघडलं आणि लगेच मिटलं. माझा लाल दिवा त्यांच्याकडे बघतोय असं त्यांना वाटत होतं. “तो डोला वटारतंय माज्यावर,” त्या म्हणाल्या. धनेशने खिशातला रुमाल काढून माझ्यावर टाकला. आता फ्रिज बंद करायचा, तर त्याचा प्लग कपाटामागे गेलेला. काकींचा मुलगा म्हणाला, मेनच पाडतो. त्याने मेन स्विच खाली ओढला. घर गप्प झालं. अमिषाने समाधानाने मान हलवली.

कोणाच्या लक्षात आलं नाही की त्याच क्षणी माझाही प्लग मेला. मी पोटातल्या दोन बुरसट सेलांवर आलो. मला कळलं होतं. पण मी काय करणार? माझ्याकडे एक दिवा होता सांगायला, तो मिणमिण करायला लागला, आणि त्यावर रुमाल होता.

अकरा मिनिटं मी तग धरला. काकी गात होत्या, “आधी आवतन धारा गो गावच्या येशीला, मंग आवतन धारा गो खारीच्या बांधाला.” इथल्या बोलीत धाडाचं धारा होतं आणि वेशीची येशी. त्यांचा आवाज चिरका होता, दोन ओळींच्या मधे त्या खोकायच्या, पण स्वर धरला की मांडवाचा खांब रोवल्यासारखा तिथेच उभा राहायचा. “मंग आवतन धारा गो उघारीच्या दाराला.” एवढं मी टिपलं. त्यानंतर मी बहिरा झालो.

त्या चाळीस मिनिटं गायल्या. पुढची एकोणतीस मिनिटं कशी होती ते मला ठाऊक नाही. अमिषाने नंतर धनेशला सांगताना जे म्हटलं तेवढंच मी सांगू शकतो. ती म्हणाली की शेवटी काकींनी आपल्या गेलेल्या नवऱ्याचं, धर्माजीकाकांचं नाव घेतलं तेव्हा घरातली सगळी माणसं रडत होती.

रुमाल काढल्यावर मी बंद दिसलो. आधी तिला वाटलं, धनेशने बटण दाबलं असेल. ओसरीवर येऊन तिने दुकानातून आणवलेले नवे सेल घातले आणि कार्ड पाहिलं. अकरा मिनिटं आठ सेकंद. तेवढ्यात काकी दवाखान्याची पिशवी भरता भरता दारात आल्या. “झाला ना समदा?” त्यांनी विचारलं. त्यांचा आवाज दमलेला होता आणि फार खूष होता.

अमिषा थांबली. मला वाटतं, ती सांगणार होती. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ज्या बाईच्या गळ्यावर सुरी चालणार, तिला परत चाळीस मिनिटं गायला कसं सांगायचं?

“झाला, काकी,” ती म्हणाली.

काकी दवाखान्यातून परतल्या त्या कुजबुजतच. गाठ साधी निघाली, जीव वाचला, पण गाणं गेलं. त्यानंतर ठमी तीन वेळा अमिषाकडे येऊन गेली. “सासूबाई इचारतान, कवा येनार त्यांचा गाना?” अमिषा म्हणायची, काम चालू आहे. ती मला रोज हातात घ्यायची आणि तीच अकरा मिनिटं ऐकायची. जणू बाराव्या मिनिटाला मी सुधारणार होतो.

शेवटी धनेशनेच साहिलला फोन केला. साहिल रविवारी लॅपटॉप घेऊन आला. अकरा मिनिटांचा आवाज त्याने त्यात घातला, वहीतले शब्द टाइप केले आणि चहा पिऊन होईपर्यंत काकी पुन्हा गाऊ लागल्या. मी टेबलावरच होतो. आवाज त्यांचाच होता, शपथेवर सांगावं इतका त्यांचा. पण त्यात दम लागत नव्हता. चालीतले चढउतार सरळ झाले होते, सिनेमातल्या गाण्यासारखे.

“बघ, कसा बनला,” साहिल म्हणाला. तो मनाने वाईट नव्हता. मित्राची अडचण सोडवल्याचा आनंद त्याच्या बोलण्यात होता.

अमिषाने एकच विचारलं, “आणि नावं?”

“कुठली ती सांग, टाकतो.”

“नको,” धनेश मधेच म्हणाला. “मेलेल्या मानसांची नावं मशीनच्या तोंडी नको.”

यावर दोघांचं एकमत झालं. नावांची जागा त्यांनी कापून टाकली आणि पुढची ओळ मागे ओढून जोडली. मित्रांनो, हे त्यांनी आदराने केलं. एवढी तरी लाज आपण राखली, असं त्यांना वाटलं. पुढे जे झालं ते या आदरामुळेच झालं.

मग धनेश माझ्यासमोर बसला. अमिषाने बटण दाबलं. तो नेहमीचं वाक्य म्हणाला. हाताने केलाय, चुकलं तर आमचं. या वेळी त्याचा आवाज जाड झाला नाही. त्याने दोनदा घसा खाकरला आणि अमिषाने तो खाकरण्याचा आवाज कापला. माझ्या सबंध आयुष्यात मी टिपलेली ती पहिली खोटी ओळ. बरं, या वेळी मी कुठे अडखळलो नाही, सेल नवे होते. सगळं कसं स्वच्छ उतरलं.

तो भाग आमचा सगळ्यांत जास्त ऐकला गेला. उरणपासून रेवसपर्यंतच्या बाया तो एकमेकींना पाठवत होत्या. अमिषाच्या फोनवर दिवसभर कौतुक येत होतं आणि ती फोन उशीखाली ठेवत होती.

काकींनी तो ऐकला तेव्हा आम्ही तिथे होतो. त्यांनीच बोलावलं होतं. ठमीने फोन लावला. काकी डोळे मिटून ऐकत होत्या. गाणं उघाडीच्या पुढे गेलं. त्या थोड्या पुढे सरकल्या. शेवट आला आणि संपलं.

“यांचा नाव घेतला नाय मी?” त्यांनी कुजबुजत विचारलं.

त्या दिवशी घरात असलेल्या सगळ्यांनी ते नाव ऐकलं होतं. पण त्यांचा मुलगा आणि ठमी फोनकडे बघत राहिले, आणि फोनमधल्या आवाजापुढे त्यांना आपलीच आठवण कच्ची वाटू लागली. “गरबरीत ऱ्हायला असंल, आये,” मुलगा म्हणाला.

“चाल पन वायली लागतंय,” काकी म्हणाल्या. “मना वाटत होता मी वर नेतंय. हितं तं खाली हाय.” त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. तीन वेळा ऐकलं. मग ठमीला म्हणाल्या, “तू यो आयकून शीक. माजा आता आयकू नको. मना इसर परायला लागलाय.”

अमिषाचा हात माझ्या पिशवीवर होता. तेव्हा बोलायला हवं होतं. ती बोलली नाही, धनेश बोलला नाही, आणि मी तर काय, माझ्याकडे ती अकरा मिनिटं आठ सेकंद पुरावा म्हणून पडून होती, पण पुराव्याला कुणी विचारल्याशिवाय तोंड नसतं. आम्ही चहा घेऊन घरी आलो. वाटेत धनेश म्हणाला, “सांगू पुढच्या आठवड्यात.” असे बारा आठवडे गेले.

या बारा आठवड्यांत काकी बदलल्या. ठमी अमिषाला सांगायची, त्या हल्ली ओट्यावर बसत नाहीत. दुधाला सुद्धा दोनदा विचारतात, घातलं का मी विरजण? गावातल्या दोन घरांनी धवल्याची सुपारी द्यायला माणूस पाठवला, तर त्या आत जाऊन बसल्या. ठमी हे सगळं काळजीने सांगायची, आणि अमिषा प्रत्येक वेळी म्हणायची, उद्या येते. तुम्ही म्हणाल, किती ही भित्री मुलगी. पण मला तिच्यावर बोट ठेवायचा हक्क नाही. सुरुवात माझ्या पोटातून झाली होती.

मग नीराबाईंच्या मृणालचं लग्न आलं. नीराबाई म्हणजे काकींच्या शेजारीण. त्यांचे पती दिनानाथ बंदरावर कामाला होते, दोन वर्षांपूर्वी वारले. मृणाल त्यांची एकुलती एक. नीराबाई स्वतः काकींकडे आल्या. काकींनी हात हलवला.

“माजा डोका ठिकानावर ऱ्हायला नाय,” त्या म्हणाल्या. “तो फोनवरचा लावा. त्याला समदा येतंय.”

म्हणून हळदीच्या सकाळी मांडवात मोठा स्पीकर लागला. आम्हीही होतो. मी अमिषाच्या पिशवीत होतो, चेन अर्धी उघडी होती. नीराबाई पाटावर बसल्या होत्या. त्यांच्यापुढे सुपात तांदूळ पसरले होते आणि हातात सुपाऱ्या होत्या. धवल्यात ज्याला आवतण जाईल त्याच्या नावाने एकेक सुपारी त्या सुपात ठेवायच्या. काकी बायकांच्या मागच्या रांगेत, खांबाला टेकून बसल्या होत्या. पन्नास वर्षांत पहिल्यांदाच त्या मांडवात मागे बसल्या होत्या.

स्पीकरमधून काकींचा आवाज आला. वेशीची सुपारी ठेवली गेली. बांधाची, उघाडीची, विहिरीची, आंब्याची ठेवली गेली. नीराबाईंच्या हातात एकच सुपारी उरली. त्यांनी ती घट्ट धरली आणि मान खाली घालून थांबल्या. मृणालनेही आईच्या गुडघ्यावर हात ठेवला. गाणं पुढे गेलं, हळदीच्या ओळी आल्या, आणि संपलं. सुपारी हातातच राहिली.

नीराबाईंनी मागे वळून काकींकडे पाहिलं.

“काकी,” त्या हळू म्हणाल्या, “यांना नाय बोलावला?”

काकी खांबाला धरून उठल्या. वाट काढत पुढे आल्या. त्या काय बोलत होत्या ते पहिल्या रांगेलाही नीट ऐकू आलं नसेल, मला आलं. “माजी चूक हाय गो, नीरे. भरला तवाच मना इसर परला. आमच्या यांचा पन घेतला नाय मी. माफ कर.” आणि ज्यांनी नीराबाईंचं लग्न लावलं होतं, त्या सगुणाकाकींनी त्यांच्यापुढे हात जोडले.

मित्रांनो, मला त्या वेळी वाटलं, माझं कार्ड करपून जावं.

अमिषा उठली. तिने स्पीकरची वायर काढली.

“काकी, हात खाली घ्या,” ती म्हणाली. “तुमचा काय चुकला नाय. हा आवाज तुमचा नाय.”

सगळे तिच्याकडे बघायला लागले. तिने सांगितलं. मेन स्विच सांगितला, रुमाल सांगितला, दारात काकींना ‘झाला’ म्हणाली ते सांगितलं. मशीनकडून पुढचं बनवून घेतलं हे सांगितलं. नावं आम्हीच कापली हे सांगितलं. धनेश स्पीकरजवळ उभा होता, तो हळूच येऊन तिच्या बाजूला उभा राहिला. कुणीतरी बाई म्हणाली, “शरम नाय वाटली?” अमिषा म्हणाली, “वाटते. रोज वाटते.”

काकींचं या कशाकडेच लक्ष नव्हतं. त्या अमिषाच्या तोंडाकडे बघत होत्या.

“यांचा नाव घेतलेला मी?” त्यांनी विचारलं.

“घेतलेलं, काकी.”

“दोनदा?”

“दोनदा. मी आयकलाय.”

काकी मांडवातच खाली बसल्या. किती तरी वेळ त्या नुसत्या मान हलवत राहिल्या. मग त्यांचा चेहरा बदलला. “तीन महिने,” त्या म्हणाल्या, “तीन महिने मना येरी ठरवलीस तू.” त्यांनी आवाज चढवायचा प्रयत्न केला, पण चढवायला आवाजच नव्हता. अमिषाने माफी सुद्धा मागितली नाही. मागून मिळण्यासारखी ती नव्हती.

“कुठपातूर माजा?” काकींनी विचारलं.

“उघारीपातूर.”

“मंग म्होरचा हाय माज्याकरं. ठमे, इकरं ये.”

ठमी पदर सावरत आली. “मना नाय जमाचा, सासूबाई.”

“तुना गायाचा हाय. आठवायचा मी हाय.”

काकींनी तिला शेजारी बसवलं, तिच्या कानाशी तोंड नेलं आणि एक ओळ कुजबुजली. ठमीने ती म्हटली. तिचा आवाज जाडाभरडा, वर जाताना फाटणारा. काकींनी तिच्या मांडीवर चापट मारली. ओळ पुन्हा म्हटली गेली. पुन्हा चापट. चौथ्या वेळी ओळ वर गेली, जिथे काकी म्हणायच्या की मी नेते, तिथे. असा एकेक ओळ करत तो धवला पुढे सरकला. जेवणाची मंडळी दोनदा विचारून गेली. काही पाहुणे उठून बाहेर गेले. बायका मात्र बसून राहिल्या. अमिषाचा हात एकदा पिशवीत माझ्यापर्यंत आला, बटणावर आला आणि परत गेला. तिला तो हक्क उरला नाही असं वाटलं असावं. म्हणून माझ्या कार्डावर त्यातलं काही नाही. मी फक्त ऐकलं.

जवळजवळ तासाने काकींनी ठमीच्या कानात दोन शब्द सांगितले. ठमीने डोळे मिटले.

“मंग आवतन धारा गो मृणालच्या बापाला. दिनानाथाला गो, दिनानाथाला.”

नीराबाईंनी सुपारी सुपात ठेवली. त्यांच्या तळहातावर तिची गोल खूण उमटली होती.

माझी गोष्ट खरं तर एवढीच. अमिषाने तो भाग काढून टाकला. त्याच्या जागी अकरा मिनिटं आठ सेकंदांचा भाग ठेवला आणि पुढे यंत्र का बंद पडलं ते धनेशने स्वतःच्या तोंडाने सांगितलं. तो फार थोड्यांनी ऐकला. खोटा धवला मात्र लोकांच्या फोनमध्ये अजून आहे. कुठल्या कुठल्या मांडवात तो वाजतो आणि कुणाच्या तरी हातात सुपारी तशीच राहते. तो आता आम्हाला परत बोलावता येत नाही. काकी अमिषाशी बोलतात, पण मोजकंच. ठमीला शिकवताना मला जवळ बसवायला त्यांनी अजून परवानगी दिलेली नाही, आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या यंत्रांची नीट काळजी घ्या, सेल बघत जा, हे तर मी सांगणारच. पण तेवढ्याने भागत नाही. यंत्रं बंद पडतात. तुमच्या हातूनही कुणाचं काही सांडेल, कुणाचं काही पुसलं जाईल. तसं झालं तर ती जागा गुपचूप भरू नका. ज्याचं गेलं त्याच्याकडे जा आणि गेलं म्हणून सांगा. ओशाळवाणं वाटेल, दोन शब्द ऐकून घ्यावे लागतील, पण त्याच माणसाकडून ते पुन्हा मागून घेता तरी येईल. अमिषा त्या पहिल्या दिवशी दारात खरं बोलली असती, तर काकी रागावल्या असत्या, कदाचित पाणी पिऊन पुन्हा गायला बसल्याही असत्या. पण आपण काय गायलो ते त्यांना माहीत राहिलं असतं, आणि नीराबाईंपुढे त्यांना हात जोडावे लागले नसते.